आजारपणात विश्वास कसा टिकवता? (ख्रिस्ती सभासदांना विशेष विनंती)

नगरकन्या :

सलाम मंडळी.

एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवरच दिसते, त्यामुळे हा विषय बघून काही जण दचकतील. माहेर नगरचं, सासर श्रीरामपूरकडचं, आता बरीच वर्षं पिंपरीत. घरात ख्रिस्ती विश्वास चार पिढ्यांचा. पणजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. संडे स्कूल, 'उपासना संगीत' ह्या गीतपुस्तकातली गाणी, नाताळात दारोदार कॅरल, सगळं अंगवळणी पडलेलं. विश्वास 'टिकवायचा' असतो हे कधी डोक्यातच आलं नाही.

गेल्या वर्षी नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. नोकरी सुटली. मुलगा दहावीला आहे. हे सहानुभूतीसाठी लिहीत नाहीये, परिस्थिती कळावी म्हणून लिहितेय.

माझी अडचण अशी की प्रार्थना होत नाही. बसते, डोळे मिटते आणि पुढे काही येत नाही. राग येतो, किंवा झोप. त्यात एका प्रार्थनेच्या मंडळीतले दोघे घरी आले होते. एक म्हणाले, घरात कबूल न केलेलं पाप आहे, ते शोधा. दुसऱ्या बाई म्हणाल्या, विश्वास कमी पडतोय, म्हणून उतार पडत नाही. नवरा आतल्या खोलीत झोपला होता, त्याने सगळं ऐकलं. तेव्हापासून मी रविवारी मागच्या बाकावर बसते आणि शेवटच्या आशीर्वादाआधीच उठून येते.

तुमच्यापैकी कुणी अशा दिवसांतून गेलं असेल तर काय धरून राहिलात ते सांगा. फक्त 'सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात' हे वचन पाठवू नका. ते व्हॉट्सअ‍ॅपवर गुलाबाच्या फुलांसकट भरपूर आलंय.


पापडीकर :

ताई, मी वसईचा, कॅथलिक. पहिल्यांदा त्या पापाच्या गोष्टीचा निकाल लावूया. योहानाचं शुभवर्तमान, नववा अध्याय. जन्मांध माणूस बघून शिष्य हेच विचारतात, पाप कोणी केलं, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, ह्यानेही नाही आणि ह्याच्या आईबापांनीही नाही. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना लोक दोन हजार वर्षं तोच प्रश्न घेऊन रुग्णाच्या घरात शिरतात.

बाकी सविस्तर रात्री लिहितो.


दुसरी_पाळी :

मी नर्स आहे, काही वर्षं डायलिसिस युनिटमध्येच काढलीत. म्हणून आधी दोन प्रश्न. तुम्ही स्वतः किती तास झोपता? आणि दुपारी काही खाता का?

विषय सोडून बोलतेय असं वाटेल, पण बायबलातलं १ राजे, अध्याय १९ काढा. संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीने पळालाय, रानात रतामाच्या झुडपाखाली बसून 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणतो आणि झोपतो. देव काय करतो? उपदेश नाही, विश्वास कमी आहे म्हणून झाडणं नाही. देवदूत येतो, उठवतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येऊन पुन्हा खायला लावतो, कारण पुढची वाट फार आहे. देवाशी बोलणं होतं ते त्यानंतर, होरेब डोंगरावर.

प्रार्थनेला बसल्यावर झोप येते म्हणता ना? मग झोपा. त्यात पाप नाही. रुग्णाची काळजी घेणारी माणसं दमून काय होतात ते मी रोज बघते.

आणि एक विचारायचं राहिलं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. तुम्ही जाता ते हॉस्पिटल योजनेत आहे का? असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) भेटा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन.


वचनाचा_दीप :

भगिनी, प्रभूच्या नावात सलाम. तुमच्या घरी आलेल्यांनी ज्या पद्धतीने बोलायला नको होतं तसं ते बोलले, हे मान्य. पण इथे एक बाजू निसटतेय म्हणून लिहितो. 'त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले' हे यशया ५३ मध्ये लिहिलंय ते खरं आहे. मी स्वतः दारूतून सुटलो ते उपवास-प्रार्थनेने. डॉक्टर आणि औषधं सगळं झालं होतं. त्यामुळे बरं होण्याची आशा सोडू नका आणि 'देवाची इच्छाच अशी' म्हणून हात टेकू नका. विश्वासाने मागणाऱ्याला तो देतो.


जुनाट_पेटी :

दीप, तुमच्या साक्षीबद्दल आनंदच आहे. पण शेवटच्या वाक्याला मी हरकत घेणार.

माझे वडील पाळक होते. लहानपणापासून आजाऱ्यांच्या घरी त्यांच्याबरोबर पेटी घेऊन जायचो (हार्मोनियम, कपड्यांची नव्हे). एक गोष्ट त्यांनी आम्हां भावंडांना पक्की शिकवली होती. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी प्रेषित पौल अगदी घरगुती निरोप देतो, त्यात एक ओळ आहे: त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. बस्स. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे झाले असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे, तोच पौल आपल्या सोबत्याला आजारी ठेवून पुढे निघतो. त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं लिहिलेलं नाही. तीमथ्याच्या पोटदुखीवर पौल थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, उपवास नाही सांगत. आणि स्वतःच्या देहातल्या काट्यासाठी त्याने तीनदा विनंती केली. उत्तर आलं, 'माझी कृपा तुला पुरेशी आहे.' काटा होता तिथेच राहिला.

आता 'विश्वासाने मागणाऱ्याला देतो' हे सूत्र पौलालाच लागू होत नसेल, तर पिंपरीतल्या एका आजारी माणसाला कशाला लावायचं?


वचनाचा_दीप :

पेटीदादा, त्रफिमाचा मुद्दा मानला. पण तुमच्यासारखे लोक शेवटी बरं होण्यासाठी मागायचंच बंद करतात, असा माझा अनुभव आहे. 'तुझी इच्छा पूर्ण होवो' हे पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशू बोलला, पण त्याआधी 'हा प्याला माझ्यापासून टळून जावो' हेही बोलला. तुम्ही अर्धीच प्रार्थना शिकवता.


जुनाट_पेटी :

हे मात्र बरोबर. सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळ्यांत आम्ही फार सभ्य प्रार्थना करतो, हे आमच्या लेकरांनीही आम्हांला ऐकवलंय.

आणि ह्याच धाग्याला धरून नगरकन्याताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. ताई, तुम्ही लिहिलंय की राग येतो. मग तोच बोला. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त विलापाची आहेत. रविवारी आपण २३वं म्हणतो, १२१वं म्हणतो, १०३वं म्हणतो. १३वं कधी ऐकलंत चर्चमध्ये? 'हे परमेश्वरा, कुठवर?' अशी सुरुवात आहे. आणि ८८वं तर मी आयुष्यात एकदाच कुणी मोठ्याने वाचलेलं ऐकलं. विलापाच्या बहुतेक स्तोत्रांत शेवटी तरी वळण येतं, मग मी तुझी स्तुती करीन वगैरे. ८८ मध्ये ते येतच नाही. सोबती तूच दूर केलेस म्हणतो आणि अंधारात संपतं. ज्यांनी ही पुस्तकं एकत्र केली त्यांनी त्याला शेवट जोडला नाही, ते वगळलंही नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. म्हणजे हे असं बोलणं प्रार्थनेतच मोजलं जातं.

सगळं गमावून आजारी पडलेल्या ईयोबाचे मित्र बघा. आल्यावर सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढंच त्यांनी चांगलं केलं. तोंड उघडलं आणि तेच पाप-शोधन सुरू, तुमच्या घरी झालं तसं. पस्तीसेक अध्याय वाद चालतो. शेवटी देव त्या मित्रांतल्या अलीफजाला म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी योग्य ते बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. ईयोबाने देवाला कोर्टात खेचण्याची भाषा केली होती. मित्रांनी देवाची वकिली केली होती. देवाने निकाल वकिलांविरुद्ध दिला.


चंद्रभागा :

मी ख्रिस्ती नाही, आमच्या घरी वारी आहे. लिहू की नको असा विचार करत होते. पण पेटीकाकांचं वाचून राहवलं नाही. तुकोबांनी दुष्काळात बायको गमावली, मूल गमावलं, दुकान बसलं. आणि त्यांच्याच गाथेत 'माझे लेखी देव मेला' हेही आहे. विठ्ठलाशी इतकं भांडण दुसऱ्या कुणी केलं नसेल. आम्ही ते अभंग टाळ वाजवत म्हणतो.

तुमचे रेव्हरंड टिळक तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे गेलो असं म्हणायचे ना?


जुनाट_पेटी :

हो, तसंच म्हणायचे. आणि उपासना संगीतातली त्यांची भजनं म्हणूनच आमच्या आज्यांच्या तोंडात बसली, इंग्रजी चालीवरची भाषांतरित गाणी तितकी बसली नाहीत. लिहिलंत ते बरं केलंत.


तर्कटराव :

नास्तिकाचा प्रवेश. ताई, तुमच्या नवऱ्याला आराम पडो, हे मनापासून.

पण एक प्रश्न आहे, खवचटपणा समजू नका. बरं झालं तर देवाची कृपा. नाही झालं तर देवाची योजना, किंवा काटा, किंवा त्रफिम. असा कोणता निकाल आहे का, की ज्यामुळे तुमचा विश्वास चुकीचा ठरेल? नसेल, तर तो धरून ठेवायला इतके कष्ट का घ्यायचे? सोडून दिलं तर निदान 'माझंच काय चुकलं' हा ताप तरी जाईल.


दुसरी_पाळी :

तर्कटराव, प्रश्न रास्त आहे पण वेळ? :(


नगरकन्या :

नाही हो, विचारू दे. नवऱ्याला सगळा धागा वाचून दाखवतेय, डायलिसिसचे चार तास जाता जात नाहीत. त्याला आतापर्यंत सगळ्यात जास्त तर्कटरावांचाच प्रतिसाद आवडलाय. म्हणाला, हा माणूस घरी आला असता तर चहा पाजला असता.

माझं उत्तर: सोडून बघितलं. म्हणजे दोनेक महिने मनातल्या मनात सोडलंच होतं. 'माझंच काय चुकलं' हे गेलं नाही, फक्त विचारायला कुणी उरलं नाही. हे तुम्हाला पटणार नाही, पटवायचंही नाही.


जुनाट_पेटी :

तर्कटराव, ईयोबाच्या पुस्तकात 'का' ह्याचं उत्तर शेवटपर्यंत मिळत नाही. देव वादळातून बोलतो ते रानबकऱ्या कधी वितात, शहामृग कसं धावतं, समुद्राला दारं कोणी लावली, असं. मला ते उत्तर पुरेसं कधीच वाटलेलं नाही. ईयोबाला मात्र पुरलं, कारण कुणीतरी बोललं. तुमच्या कसोटीवर हे नापास आहे, मला मान्य.


केडगाव_पॅसेंजर :

इतका धागा झाला आणि पंडिता रमाबाईंचं नाव कुणी काढलं नाही?

शाळेच्या पुस्तकात रमाबाई म्हणजे विदुषी, शारदा सदन, मुक्ती मिशन, संपलं. त्यांच्या आयुष्यातल्या मृत्यूंची रांग बघा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरलेला भाऊ श्रीनिवास, त्याच्याबरोबर पायी देश फिरल्या. १८८० मध्ये ढाक्यात तोही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधवींशी लग्न, १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. वय तेवीस. १८८३ मध्ये डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेल्या तर कानांनी दगा दिला, ऐकू कमी येतं म्हणून वैद्यकी राहिली. बरोबर गेलेल्या मैत्रिणीने तिथे आत्महत्या केली. आणि त्याच वर्षी, २९ सप्टेंबरला, वाँटेजमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

आता ह्यापुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. बाप्तिस्मा झाला म्हणून सगळं शांत झालं असं अजिबात नाही. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनबरोबरची त्यांची पत्रं छापलेली आहेत. त्रैक्य, कुमारीजन्म, चर्चचा अधिकार, सगळ्यावर वाद. दुसऱ्याने सांगितलं म्हणून मी मानणार नाही, असा एकूण सूर. ज्यांनी आसरा दिला त्यांच्याशी हा वाद, परक्या देशात, कडेवर मूल घेऊन. आणि १९०७ मध्ये स्वतःची साक्ष लिहिली तेव्हा त्या सरळ सांगतात की बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता. तो मिळायला पुढे आठेक वर्षं गेली. त्या आठ वर्षांत त्यांनी अमेरिका पालथी घातली होती, मुंबईत ११ मार्च १८८९ ला शारदा सदन काढलं होतं, ते पुण्याला हलवलं होतं. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला त्या 'ख्रिस्ती कार्य' करतच होत्या. आत मात्र रिकामंच चाललं होतं.

पुढे १८९६-९७ चा मध्य प्रांतातला दुष्काळ. स्वतःची उपासमार आठवून ही बाई तिकडे गेली आणि तीनशेच्या आसपास मुली-बायकांना घेऊन आली. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून त्यांना केडगावला नेलं, सदनासाठी फळबाग म्हणून घेतलेल्या जमिनीवर. मुक्ती उभं राहिलं ते असं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे दीड-दोन हजार माणसं जेवत होती.

आणि शेवट. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, चाळिशीत. एकुलती एक मुलगी, कामाची वारस. रमाबाईंना तोवर जवळजवळ ऐकू येत नव्हतं. हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलच्या भाषांतराचं काम बाकी होतं. ते त्यांनी संपवत आणलं आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. बायबल १९२४ मध्ये आलं, मुक्तीतल्या बायकांनीच छापलेलं.

मी दौंड लाइनवरचा, केडगाव स्टेशन नेहमीचं. माझ्या आजीची आई तिथल्या मुलींपैकी. म्हणून जरा लांबलं.


चंद्रभागा :

आठ वर्षांचं मला माहीतच नव्हतं. शारदा सदनवरून लोकमान्य टिळक, आगरकर, केसरी एवढंच वाचलेलं.


वचनाचा_दीप :

केडगावला १९०५ मध्ये मोठं आत्मिक जागरणही झालं होतं, तेही लिहायला हवं होतं. रात्र रात्र मुली प्रार्थना करत होत्या.


केडगाव_पॅसेंजर :

झालं होतं, आणि त्याची कीर्ती परदेशात गेली. मी मुद्दामच लिहिलं नाही. ताईंना आत्ता जागरणाची गोष्ट सांगून काय उपयोग? आठ वर्षं रिकामं वाटत असतानाही सकाळी उठून मुलींच्या जेवणाची सोय लावणारी बाई सांगितलेली बरी.


पापडीकर :

रात्री लिहितो म्हटलं आणि दोन दिवस गेले, मयताला होतो.

आमच्या वसईत गास गावात संत गोन्सालो गार्सियाचं चर्च आहे. वसईत जन्मलेला, आई इथलीच. व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि जपानी उत्तम येत होतं म्हणून दुभाष्या म्हणून १५९३ मध्ये जपानला गेला. १५९६ च्या शेवटी तिथला सत्ताधीश हिदेयोशी ह्याने पकडलं. डाव्या कानाची पाळी कापून क्योतोहून नागासाकीपर्यंत भर थंडीत चालवत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला क्रुसावर दिलं. एकूण सव्वीस जण, त्यात बारा वर्षांचा एक पोरगाही. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. आमच्याकडे लहानपणापासून हे ऐकलेलं असतं. आणि खरं सांगायचं तर, ताई, अशा गोष्टींनी संकटात मला कधी धीर आलेला नाही. उलट वाटतं, हा बघ, क्रुसावरून उपदेश करतोय, आणि आपण हप्ते थकले म्हणून देवावर रुसलोय.

मला धीर आला तो त्या गोष्टीच्या पुढच्या भागाने. १६१४ मध्ये जपानात ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. फादर मारले गेले नाहीतर हाकलले. उरलेल्या लोकांना अधिकारी लोक येशूच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय द्यायला लावायचे, 'फुमिए' म्हणतात त्याला. नकार दिला तर छळ. आणि बहुसंख्य लोकांनी पाय दिला. होय, दिला. मग घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायचे. पापनिवेदनाला फादर नाही, तर पश्चात्ताप कसा करावा ह्याची एक जुनी पुस्तिका होती, ती तोंडपाठ करून पोरांना शिकवायचे. मरियेची मूर्ती ठेवता येईना, तर कडेवर बाळ घेतलेली बौद्धांची कान्नोन देवी ठेवायचे. बाप्तिस्मा गावातलाच कुणीतरी द्यायचा. प्रार्थनेतले लॅटिन-पोर्तुगीज शब्द झिजत झिजत कुणालाच कळेनासे झाले, तरी म्हणत राहिले. दोनशेहून जास्त वर्षं हे चाललं.

१७ मार्च १८६५ ला नागासाकीत परदेशी लोकांसाठी बांधलेल्या नव्या ओउरा चर्चमध्ये उराकामीची काही माणसं आली आणि एका बाईने फ्रेंच फादर पेतिजाँना हळूच सांगितलं, आमचं मन तुमच्यासारखंच आहे. सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? बंदी त्यानंतरही होती. उराकामीच्या तीन हजारांवर लोकांना गावाबाहेर काढून वेगवेगळ्या प्रांतांत डांबलं. १८७३ मध्ये बंदी उठली. परत येऊन त्यांनी मोठं कॅथेड्रल बांधलं आणि ९ ऑगस्ट १९४५ ला अणुबाँब जवळजवळ त्याच्यावरच पडला.

तर सांगायचं हे, की तो विश्वास पुढे नेला तो पाय देणाऱ्यांनी. क्रुसावर गेलेले सव्वीस संत झाले, त्यांना माझा नमस्कार. पण अडीचशे वर्षं पोरांना प्रार्थना शिकवणारे ते दुसरेच होते.


तर्कटराव :

हे माहीत नव्हतं. माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही हे, पण वाचायला मिळालं ते चांगलं झालं.


दुसरी_पाळी :

पापडीकर, छान. मला ह्यावरून मार्क २ आठवला. पक्षाघाताच्या माणसाला चौघांनी उचलून आणलं, गर्दीमुळे आत जाता येईना म्हणून छप्पर उसकून बाज खाली सोडली. तिथे लिहिलंय, येशूने 'त्यांचा विश्वास' पाहिला. बाजेवरच्या माणसाने एक शब्दही काढलेला नाही. त्याचा विश्वास होता की नव्हता, कुणी विचारत नाही.

म्हणून ताई, प्रार्थना होत नाही म्हणता तर नका करू काही दिवस. आम्ही करतो. पिंपरीत किंवा आसपास राहणारे कुणी आहेत का इथे?


वचनाचा_दीप :

मी चिंचवडला. बहिणीने परवानगी दिली तर येईन.


नगरकन्या :

सगळ्यांना एकत्रच लिहिते, वेगवेगळं लिहायला वेळ होत नाहीये.

पेटीकाका, ८८वं स्तोत्र काढलं. एकटीने वाचायची हिंमत झाली नाही म्हणून डायलिसिसला नवऱ्याला वाचून दाखवलं. शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा असतात, जैन आहेत बहुतेक. ते म्हणाले, पुन्हा वाचा. नवरा म्हणाला, हा लिहिणारा पण आपल्याच युनिटचा दिसतोय.

पॅसेंजर, रमाबाईंचं वाचून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' खाली काढली. माहेरून आणलेली प्रत आहे, पानं सुटलीत. १८९५ मध्ये टिळक बाप्तिस्मा घेतात आणि ही बाई पंढरपुरात नातेवाइकांकडे पडते, काही वर्षं नवऱ्यापासून लांब. ते किती रडवेलं लिहिता आलं असतं! आणि ती लिहिते असं की नवरा सुईच्या जागी हात धरून हसायला लागला. सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घेणारे तिचे वडील, त्यावर तर आजोबाही हसले. आता रोज थोडं थोडं वाचायचं ठरलंय. विश्वासाबद्दल त्यात भाषण कुठेच नाही, ती हळूहळू बदलते आणि आपल्याला पुढच्या पानावर कळतं.

दीपभाऊ, जरूर या. नवऱ्याला विचारलं, तो हो म्हणाला. दोन अटी आहेत. बरं होण्यासाठी हवी तेवढी मागणी करा, मोठ्याने करा, मलाही आवडेल. पण 'पाप' आणि 'विश्वास कमी' हे दोन शब्द उंबऱ्याच्या बाहेर. आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार नको, त्या दिवशी तो थकलेला असतो.

गेल्या रविवारी आशीर्वादापर्यंत थांबले. प्रार्थना अजून नाही होत. 'कुठवर?' एवढं म्हणता येतं.


वचनाचा_दीप :

अटी मान्य. शनिवारी चार वाजता येतो. फळं आणू का?


दुसरी_पाळी :

दीपभाऊ, फळं नको! केळी, संत्री, शहाळं अजिबात नाही. त्यांना पोटॅशियम चालत नाही आणि पाण्यावरही मोजमाप असतं. सफरचंदाच्या दोन-चार फोडी चालतात, पण ताईंना आणि त्यांच्या आहारतज्ज्ञांना विचारूनच. त्यापेक्षा मुलाला गणित शिकवता येत असेल तर बघा.

ताई, आरोग्यमित्राचं काय झालं? आणि प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षा यादीत नाव लागलंय का? पुण्याच्या झेडटीसीसीकडे (दान केलेल्या अवयवांचं वाटप बघणारी संस्था) नोंदणी हॉस्पिटलमार्फतच होते, तुमच्या डॉक्टरांना विचारा. उशीर करू नका, यादीत नोंदणीची तारीखही बघतात.


नगरकन्या :

आरोग्यमित्र भेटले, कागद दिलेत. यादीचं उद्या विचारते.

दीपभाऊ, गणित येतं का?


वचनाचा_दीप :

बीजगणित येतं. भूमितीला माझी मिसेस.